बाबासाहेब आणि मतदारयादी

डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. त्यांचे शिक्षण, ग्रंथसंपदा आणि राज्यघटनेचे कार्य सर्वपरिचित आहे. येथे त्या चरित्रातील एकच धागा हाती घ्यावयाचा आहे : मताच्या हक्काचा.

१९१९ साली सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक असताना त्यांनी साउथबरो समितीपुढे साक्ष दिली. त्या काळी मताचा हक्क मालमत्ता, कर वा भाडे यांवर अवलंबून असे. ज्यांच्यापाशी यांपैकी काहीच नाही, त्यांच्यासाठी ही अट खाली आणावी, अशी त्यांची मागणी होती. १९२८ साली सायमन कमिशनपुढे तर त्यांनी सरसकट प्रौढ मतदानच मागितले.

मधल्या काळात महाड घडले. रावबहादूर सी. के. बोले यांनी १९२३ साली मुंबई कायदेमंडळात मांडलेल्या ठरावाला अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे अस्पृश्यांना खुले केले. सुरेंद्रनाथ टिपणीस यांचा त्यात पुढाकार होता. ठराव कागदावरच राहिला, म्हणून २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो अनुयायांसह तळ्यावर गेले. ही ओंजळ सर्वांना ठाऊक आहे. पुढचे मात्र क्वचितच सांगितले जाते. ऑगस्ट १९२७ मध्ये त्याच नगरपालिकेने आपला ठराव रद्द केला. ज्या सभागृहाने तळे उघडले, त्याच सभागृहाने हात वर करून ते मिटविले, आणि ज्यांची तहान होती त्यांना त्या सभागृहात बळ नव्हते. न्यायालयीन लढा मार्च १९३७ मध्ये उच्च न्यायालयात जिंकला गेला. दहा वर्षे गेली.

१९३२ च्या पुणे करारात स्थानिक संस्थांच्या निवडणुकांत अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणासही अपात्र ठरवू नये, असे कलम आले. त्याच वर्षी ग्रामपंचायत विधेयकावर बोलताना, गावात अल्पसंख्य असलेल्यांना नुसते प्रौढ मतदान पुरणार नाही, राखीव जागाही हव्यात, असे त्यांनी बजावले. त्या वेळी ते स्वतः कायदेमंडळात सरकारनियुक्त सभासद होते. लोकांनी निवडून दिले ते १९३७ साली, भायखळा-परळमधून. विख्यात क्रिकेटपटू पाळवणकर बाळू हे प्रतिस्पर्धी होते.

घटनेच्या कलम ३२५ ने सर्वांसाठी एकच मतदारयादी आणि ३२६ ने प्रौढ मताधिकार दिला. तथापि १९५२ च्या पहिल्याच लोकसभा निवडणुकीत त्यांचा मुंबईत पराभव झाला. मतदारसंघ द्विसदस्य होता; प्रत्येकाला दोन मते होती आणि ती दोन वेगळ्या उमेदवारांना द्यावयाची होती. सत्तर हजारांहून अधिक मते बाद झाली. त्याविरुद्ध बाबासाहेब आणि अशोक मेहता यांनी केलेला अर्ज फेटाळला गेला. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

नगरपालिकांतील राखीव जागांना घटनेत स्थान मिळाले ते १९९३ साली, ७४ व्या दुरुस्तीने. आमच्या कोपरीत पाणी, गटार, दिवाबत्ती पाहणाऱ्या ठाणे महानगरपालिकेची मतदारयादी विधानसभेच्या यादीवरूनच तयार होते. म्हणून अठरा वर्षे पूर्ण केलेल्या माजी विद्यार्थ्यांनी नमुना ६ वेळेत भरावा. एका प्रभागातून अनेक नगरसेवक निवडावयाचे असतील, तर प्रत्येक जागेचे मत वेगळे द्यावे लागते, हेही घरातील वडीलधाऱ्यांना मतदानापूर्वी समजावून द्यावे.