अणूला रोग्याच्या सेवेस लावणारे डॉ. होमी भाभा

गळ्यातील थायरॉइड ग्रंथीचे विकार पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळतात. ही ग्रंथी प्रमाणाबाहेर काम करू लागली की बाई चांगली जेवूनही वाळत जाते, छाती धडधडते, हात थरथरतात. ह्या दुखण्यावर किरणोत्सर्गी आयोडीन हे एक गुणकारी औषध आहे. ते आपल्या देशातच तयार होऊ लागले, ह्याचे मोठे श्रेय डॉ. होमी जहांगीर भाभा ह्यांना जाते.

त्यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत एका सुसंस्कृत पारशी घराण्यात झाला. मुलाने इंजिनिअर व्हावे ही वडिलांची इच्छा. म्हणून १९२७ साली ते केंब्रिजला गेले. मन मात्र गणित व पदार्थविज्ञानात रमले. आधी इंजिनिअरिंगमध्ये पहिला वर्ग मिळव, मग हवे ते शीक, अशी वडिलांनी अट घातली. होमींनी ती पुरी केली. चित्रकला व संगीत ह्यांचीही त्यांना तितकीच गोडी होती.

१९३९ साली ते सुटीवर घरी आले आणि महायुद्ध पेटले. परत जाणे राहिले. बंगलोरला काम करताना त्यांच्या मनाने घेतले, की विज्ञानाचे रोप आपल्याच मातीत लावायचे. १९४५ साली त्यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन केली. १९४८ साली ते अणुशक्ती आयोगाचे अध्यक्ष झाले. ४ ऑगस्ट १९५६ रोजी तुर्भे येथे 'अप्सरा' ही अणुभट्टी सुरू झाली. इंधन ब्रिटनचे होते, पण भट्टी आपल्या माणसांनी बांधली होती.

अणुभट्टीचा आणि औषधाचा संबंध काय? टेल्युरियम नावाचा पदार्थ भट्टीत ठेवला, की न्यूट्रॉन कणांच्या योगाने त्याच्या अल्पशा भागाचे आयोडीन-१३१ बनते. ते रोग्याच्या पोटात गेले, की थायरॉइड ग्रंथी साध्या आयोडीनप्रमाणेच ते ओढून घेते. मग त्याचे किरण तेथील पेशींचा जादा जोर मोडतात. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रीला मात्र ते देत नाहीत.

लोणचे बरणीत वर्षभर टिकते, दूध रोजच्या रोज लागते. हे औषध दुधाच्या जातीचे. आठ दिवसांत त्याची शक्ती निम्मी होते, सोळा दिवसांत पाव उरते. परदेशाहून यायला तीन आठवडे लागले, तर जेमतेम सहावा हिस्सा हाती पडायचा. म्हणून अशा औषधाची भट्टी घरचीच हवी.

१९६० साली तुर्भ्याला 'सायरस' ही मोठी भट्टी कॅनडाच्या साहाय्याने चालू झाली. १९६३ साली परळ येथे अशा औषधांनी तपासणी व उपचार करणारे केंद्र निघाले. पण रोपाचा वृक्ष झालेला पाहणे डॉ. भाभांच्या नशिबी नव्हते. २४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लाँ पर्वतावर त्यांचे विमान कोसळले. ते अविवाहित होते. वय अवघे छप्पन्न. पुढल्या वर्षी तुर्भ्याच्या संस्थेला त्यांचे नाव दिले गेले.

'अप्सरा' आणि 'सायरस' ह्या जुन्या भट्ट्या आता विझल्या. १९८५ साली सुरू झालेल्या 'ध्रुव' भट्टीने हे काम पुढे नेले. अणू म्हटला की आपल्याला हिरोशिमा आठवते. तोच अणू एखाद्या मायबहिणीच्या गळ्यातले दुखणेही बरे करतो, हे डॉ. भाभांचे स्मरण करताना आपण ध्यानी ठेवू या.