पिटकांची साक्ष मराठीत आणणारे धर्मानंद कोसंबी

वैशाख पौर्णिमेच्या कार्यक्रमात सिद्धार्थ गौतमाच्या गृहत्यागाचा प्रसंग बसवायचा म्हटला की शिक्षकापुढे दरवर्षी एक प्रश्न उभा राहतो. भिंतीवरच्या रंगीत चित्रांत वृद्ध, रोगी, प्रेत आणि संन्यासी अशी चार दृश्ये असतात, निजलेल्या पत्नीकडे पाहत मध्यरात्री निघालेला राजपुत्र असतो. परंतु एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर एकही म्हातारा पाहिला नव्हता, हे सहावीतल्या मुलालाही पटत नाही. बाबासाहेबांनी 1957 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या धम्मग्रंथात ही कथा स्पष्टपणे नाकारली आणि शाक्य व कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा हे गृहत्यागाचे कारण म्हणून मांडले, हे आपल्या घरांतून सर्वांना ठाऊक आहे. त्याच्या सोळा-सतरा वर्षे आधी याच दिशेचा विचार मराठीतील एका ग्रंथात पाली आधारांसह आला होता, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. तो ग्रंथ म्हणजे 1940-41 साली दोन भागांत निघालेला 'भगवान बुद्ध' आणि त्याचे कर्ते आचार्य धर्मानंद दामोदर कोसंबी.

त्यांचा जन्म 9 ऑक्टोबर 1876 रोजी गोव्यातील साखवाळ या गावी एका गौड सारस्वत ब्राह्मण कुटुंबात झाला. तेव्हाच्या पोर्तुगीज अमलातील त्या खेड्यात शिक्षणाची सोय जेमतेम होती. मराठी चार-पाच इयत्तांपलीकडे त्यांची मजल गेली नाही. पुढे घरच्या नारळबागेची देखभाल त्यांच्याकडे आली आणि वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी बाळाबाईंशी विवाहही झाला. प्रकृती नाजूक, मन अस्वस्थ, वाचनाची भूक मोठी आणि हाताशी पुस्तके मोजकी, अशा स्थितीत 'बालबोध' मासिकातील बुद्धचरित्रावरचा एक लेख त्यांच्या वाचनात आला. मुलांसाठी लिहिलेल्या त्या लहानशा लेखाने त्यांच्या आयुष्याची दिशा ठरवली. 1899 च्या अखेरीस, पहिली कन्या तान्ही असताना, त्यांनी घर सोडले.

बाळाबाईंनी ती वर्षे कशी काढली असतील, याची नोंद चरित्रकारांनी फारशी केलेली नाही. गृहत्याग करणाऱ्याचे नाव इतिहासात राहते आणि मागे राहिलेल्या स्त्रीचे राहत नाही. ही उणीव बुद्धचरित्र लिहिणाऱ्यांनी केली तशीच कोसंबींच्या बाबतीतही झाली.

प्रथम ते पुण्यास गेले. तेथे डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांची भेट झाली. पाली शिकायचे तर आधी संस्कृत पक्के हवे, म्हणून पुण्याहून ग्वाल्हेर व तेथून 1900 साली काशी असा प्रवास झाला. खिशात पैसा नव्हता. काशीत ब्राह्मण विद्यार्थ्यांसाठी धनिकांनी चालवलेली अन्नछत्रे होती. तेथे जेवायचे, शास्त्र्यांच्या घरी जाऊन व्याकरण घोकायचे आणि मिळेल त्या जागी अंग टाकायचे, असा त्यांचा क्रम होता.

वसतिगृहाच्या स्मरणिकेत लिहिताना या अन्नछत्रापाशी मला थांबावेसे वाटते. कोसंबींनी भोगलेले दारिद्र्य खरे होते, त्यांची उपासमारही खरी होती. तरीही त्या पंगतीचे आणि त्या पाठशाळेचे दार त्यांच्यासाठी उघडले ते जन्माच्या आधारावर. त्याच काळात महाराष्ट्रातील एखादा महार वा मांग मुलगा तितकीच ज्ञानाची भूक घेऊन काशीस पोहोचला असता, तर त्याला पंगतीत पान मिळाले नसते आणि पाणिनीचे एक सूत्रही कोणी सांगितले नसते. (सारस्वतांचे ब्राह्मण्य दक्षिणी ब्राह्मण पूर्णपणे मान्य करीत नसत. पंगतीपंगतींतील हा भेद कोसंबींनाही परका नव्हता. पण तो पंगतीच्या आतला भेद होता. आपले लोक पंगतीच्या बाहेर होते.) वसतिगृह ही आपल्या समाजाच्या शिक्षणाची पहिली गरज का ठरली, याचे उत्तर काशीच्या त्या छत्रांत आहे.

मिळालेल्या त्या संस्कृताचे कोसंबींनी पुढे काय केले, यावरून मात्र त्यांचे मोल करावे लागते. 1902 साली ते बुद्धधर्माच्या शोधात नेपाळात गेले आणि तेथील स्थिती पाहून निराश झाले. मग बोधगया, कलकत्ता आणि तेथून सिंहलद्वीप असा मार्ग त्यांनी धरला. कोलंबोच्या विद्योदय परिवेणात सुमंगल महास्थविरांच्या हाताखाली त्यांचा पालीचा अभ्यास सुरू झाला व त्यांनी श्रामणेर प्रव्रज्या घेतली. पुढे ब्रह्मदेशात उपसंपदा, विहारांतील व गुहांतील ध्यानसाधना, मधल्या काळात सारनाथ, कुशिनारा, श्रावस्ती, लुंबिनी या स्थळांची बरीचशी पायी यात्रा, असे चार वर्षांचे भ्रमण झाले. सिंहली आणि ब्रह्मी लिपीतून त्यांनी त्रिपिटक वाचले. त्या वेळी भारतात पाली जाणणारे विद्वान अगदी मोजके होते. ज्या देशात बुद्धवचन जन्मले तेथील माणसाला ते शिकण्यासाठी समुद्र ओलांडावा लागत होता.

1906 साली चीवर उतरवून ते कलकत्त्यास आले. तेथील नॅशनल कॉलेजात आणि कलकत्ता विद्यापीठात त्यांनी पाली शिकवले. चांगली नोकरी हाती असताना आपले ज्ञान मराठी लोकांपर्यंत जावे, ही तळमळ त्यांना स्वस्थ बसू देईना. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी महाराष्ट्रात कोठेही राहून काम करावे व ग्रंथ लिहावेत म्हणून दरमहा 50 रुपये देऊ केले. कोसंबींनी कलकत्त्याचा अधिक पगार सोडून ते स्वीकारले. बाबासाहेबांच्या उच्च शिक्षणाला याच महाराजांचा हात लागला, हे आपण जाणतोच. आधुनिक काळातील बुद्धविद्येच्या दोन प्रवाहांना बडोद्याच्या एकाच खजिन्यातून पाणी मिळाले.

यानंतरचा त्यांचा प्रवास एखाद्या निवृत्त भिक्षूला शोभणारा नाही, इतका तो धावपळीचा आहे. 1910 साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाने त्यांना बोलावले. हेन्री क्लार्क वॉरन या विद्वानाच्या मृत्यूमुळे बुद्धघोषाच्या 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथाचे संपादन अपुरे राहिले होते. ते पुरे करण्याचे काम कोसंबींकडे आले. ग्रंथावर कोणाचे नाव कसे जावे यावरून प्राध्यापक लॅनमन यांच्याशी त्यांचे मतभेद झाले आणि त्या एका कामासाठी चार वेळा अमेरिकेच्या वाऱ्या कराव्या लागल्या. मधल्या काळात, 1912 ते 1918, ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पालीचे प्राध्यापक होते. मुंबई विद्यापीठात पालीला स्थान मिळवून देण्यात भांडारकरांच्या बरोबरीने त्यांचा वाटा होता. पु. वि. बापट, चिं. वि. राजवाडे, ना. के. भागवत हे पालीचे पुढचे नामवंत अभ्यासक त्यांच्याच हाताखाली तयार झाले. गुजरात विद्यापीठात त्यांनी काही वर्षे काम केले, 1929 साली लेनिनग्राडलाही जाऊन आले. चार इयत्ता शिकलेल्या माणसाची ही वाट होती.

आता त्यांच्या ग्रंथांकडे वळतो, कारण आपला खरा संबंध तेथे आहे. हिंदू धर्माचा अभ्यास करणारे त्या काळचे बहुतेक पंडित, देशी असोत वा युरोपीय, वेद, ब्राह्मणग्रंथ आणि स्मृती यांच्या आधारे प्राचीन समाजाचे चित्र काढीत. ते चित्र पुरोहिताने काढलेले असल्यामुळे त्यात चातुर्वर्ण्य हा समाजाचा नियम दिसे आणि यज्ञ हा त्याचा कळस. कोसंबींनी दुसरा साक्षीदार उभा केला. त्याच काळातील, त्याच भूमीतील पाली सुत्ते काय सांगतात, हे त्यांनी मराठी वाचकापुढे ठेवले. 'भगवान बुद्ध' मधील यज्ञयाग आणि जातिभेद ही दोन प्रकरणे या दृष्टीने वाचावीत.

कूटदंत सुत्तात शेकडो बैल, गोऱ्हे, कालवडी, बोकड आणि मेंढे यज्ञासाठी आणलेले आहेत आणि तथागत त्या ब्राह्मणाला एका प्राचीन राजाची गोष्ट सांगतात. शेतकऱ्याला बी-बियाणे, व्यापाऱ्याला भांडवल आणि राजसेवकाला वेतन दिल्यावर राज्यातील चोऱ्या व बंडाळी थांबते, हा त्या गोष्टीचा गाभा. कोसलसंयुत्तात पसेनदी राजाच्या यज्ञाच्या वेळी दासांना आणि कामकऱ्यांना मारहाणीच्या भयाने रडत रडत राबावे लागते. यज्ञ म्हणजे केवळ पशूंची हिंसा नव्हती, त्यात राबणाऱ्याचे अश्रूही होते, ही नोंद वैदिक ग्रंथांत शोधून सापडणार नाही. बाबासाहेबांनी 1948 साली अस्पृश्यतेच्या उगमाविषयी ग्रंथ लिहिताना प्राचीन काळी गोवध होत होता याच्या पुराव्यादाखल हाच कूटदंत आणि हाच पसेनदीचा यज्ञ पुढे केला. साक्ष एकच, वकील दोन.

जातिभेदाच्या प्रकरणात वासेट्ठ सुत्त येते. गवत, वृक्ष, कीटक, पक्षी यांच्या जाती अंगावरच्या खुणांनी ओळखू येतात, माणसामाणसांत तशी खूण नाही, हा त्यातील युक्तिवाद. अस्सलायन सुत्तात यवन व कंबोज देशांतील समाजाचा दाखला आहे. तेथे आर्य आणि दास असे दोनच वर्ग असून आर्याचा दास व दासाचा आर्य होऊ शकतो. एखाद्या देशात नसलेली व्यवस्था ईश्वरनिर्मित कशी, असा प्रश्न अडीच हजार वर्षांपूर्वी विचारला गेला होता, हे मराठीतून वाचायला मिळणे ही लहान गोष्ट नव्हती. गृहत्यागाची कथाही त्यांनी याच रीतीने तपासली. चार दृश्ये मुळात विपस्सी बुद्धाच्या कथेतील आहेत, मज्झिमनिकायातील अरियपरियेसन सुत्तात आईबाप रडत असताना घर सोडल्याचे स्वतः तथागत सांगतात आणि अत्तदंड सुत्तात शस्त्र हाती घेऊन भांडणाऱ्या माणसांमुळे मनात उपजलेल्या भयाचा उल्लेख आहे, हे त्यांनी एकापुढे एक मांडून दाखवले.

मात्र सर्वच ठिकाणी त्यांच्याशी सहमत होता येत नाही. 1935 साली, म्हणजे येवल्याच्या घोषणेच्या वर्षी, त्यांचे 'हिंदी संस्कृती आणि अहिंसा' हे पुस्तक निघाले. यज्ञसंस्कृती, श्रमणसंस्कृती आणि पौराणिक संस्कृती यांचा झगडा त्यात निर्भीडपणे मांडला आहे, त्यामुळे सनातनी वाचक चिडले. परंतु बाहेरून आलेल्या आर्यांनी दासांना जिंकले, हे गृहीत धरून त्यातील पुष्कळ मांडणी उभी आहे. इंद्राला बाबिलोनी इतिहासाशी जोडणारे तर्कही त्यात आहेत. बाबासाहेबांनी 1946 साली शूद्रांविषयीच्या ग्रंथात आर्यवंश आणि आर्यांचे आक्रमण ही कल्पनाच ऋग्वेदाच्या आधारे खोडून काढली. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला वाटते की जातीचा उगम वंशात न शोधता सामाजिक रचनेत शोधण्याचा बाबासाहेबांचा मार्ग अधिक भक्कम आहे. मांसाहाराच्या प्रकरणावरून जैन समाजातूनही कोसंबींना तीव्र विरोध झाला. तेथे मात्र त्यांनी ग्रंथाधार सोडला नाही.

राजकारणात ते गांधीजींच्या बाजूचे होते. 1930 साली नाशिकला काळाराम मंदिराच्या दारात आपले लोक उभे होते, तेव्हा कोसंबी मिठाच्या सत्याग्रहात उतरले आणि त्यासाठी तुरुंगातही गेले. जातीविरुद्ध इतके पुरावे गोळा करणारा हा विद्वान जातीविरुद्धच्या प्रत्यक्ष रणात दिसत नाही, ही खंत कोणाही आंबेडकरी वाचकाला वाटेल. 1937 साली ते मुंबईत परळच्या गिरणगावात राहायला आले. जुगलकिशोर बिर्ला यांच्या देणगीतून तेथे बांधलेल्या विहाराला 'बहुजन विहार' हे नाव मिळाले आणि कामगार व दलित वस्तीत कोसंबी सुमारे दोन वर्षे राहिले. काशीच्या छत्रातील पंगत आणि परळचा विहार यांत सदतीस वर्षांचे अंतर आहे.

शेवटच्या काळात शरीर थकले. आता आपल्या हातून काही काम होणार नाही, मग इतरांवर भार का व्हावे, या विचाराने त्यांनी अन्नत्याग करण्याचे ठरवले. पहिला प्रयत्न गांधीजींच्या आग्रहामुळे थांबला. पुढे वर्ध्याजवळच्या सेवाग्राम आश्रमात त्यांनी पुन्हा अन्न सोडले आणि 4 जून 1947 रोजी त्यांचे देहावसान झाले. या निर्णयामागे पार्श्वनाथाच्या चातुर्याम धर्माचा प्रभाव होता. त्या विषयावरचे त्यांचे पुस्तक 1949 साली निघाले. देहदंडाची वाट तथागतांनी उरुवेलेस सोडून दिली होती, म्हणून त्यांचा हा शेवट मला धम्माशी जुळणारा वाटत नाही. त्यांचे पुत्र दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी पुढे भारतीय इतिहासलेखनाला नवे वळण दिले.

चाळीस वर्षे चाललेले 'विसुद्धिमग्गा'चे हार्वर्डचे संपादन 1950 साली छापून आले. मुखपृष्ठावर वॉरन यांच्या नावाबरोबर संशोधक-संपादक म्हणून कोसंबींचे नाव होते. ते पाहायला ते राहिले नव्हते. नियतकालिकातून पूर्वी आलेला त्यांचा सुत्तनिपाताचा मराठी अनुवाद 1955 साली पुस्तकरूपाने निघाला. नागपूरच्या दीक्षेला तेव्हा एक वर्ष उरले होते.