हायरम बर्डन: काडतुसाच्या बुडातलं डिझाइन, जे आजही अडतं

नवा फोन घेतला आणि जुना चार्जर बसेना, हा अनुभव तुम्हालाही असेल. बंदुकीच्या काडतुसांत असाच घोळ दीडशे वर्षांपासून चालू आहे. त्यातलं एक मोठं नाव म्हणजे हायरम बर्डन.

बर्डन यांचा जन्म १८२४ चा, अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातला. पेशाने इंजिनिअर आणि पट्टीचे नेमबाज. १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटलं तेव्हा त्यांनी उत्तरेच्या बाजूने नेमबाजांच्या रेजिमेंट उभ्या केल्या. भरतीची परीक्षा कडक होती: २०० यार्डांवरून दहा गोळ्या दहा इंचांच्या वर्तुळात बसायला हव्यात! १८६४ मध्ये लष्कर सोडून ते पुन्हा शस्त्रांच्या डिझाइनकडे वळले.

आता थोडं टेक्निकल. काडतुसाच्या बुडाशी एक छोटी टोपी असते, तिला प्रायमर म्हणतात. फटका बसला की टोपीतला मसाला एका छोट्या ऐरणीवर चिरडून पेटतो आणि आग छिद्रातून आतल्या दारूपर्यंत जाते. १८६६ मध्ये बर्डन यांनी ही ऐरण काडतुसाच्या केसमध्येच घडवली. छिद्रं साहजिकच बाजूला गेली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये एडवर्ड बॉक्सर यांनी ऐरण टोपीत बसवली आणि केसला मधोमध एकच छिद्र ठेवलं.

फरक किरकोळ वाटतो ना? पण बॉक्सरच्या केसमध्ये आतून पिन घातली की वापरलेली टोपी सरळ बाहेर पडते आणि केस पुन्हा भरता येते. बर्डनच्या केसमध्ये मध्येच ऐरण आडवी येते. टोपी बाहेरून उचकटावी लागते, त्यात ऐरण बिघडली तर केस वाया. सैन्याला रिकाम्या केसची पर्वा नव्हती, म्हणून युरोपात बर्डन चाललं. अमेरिकेत लोक घरी काडतुसं भरायचे, तिथे बॉक्सर जिंकला. म्हणजे अमेरिकनाचं डिझाइन युरोपात आणि इंग्रजाचं अमेरिकेत!

पुढे रशियन सैन्याने बर्डन यांची रायफल घेतली. लोक तिला बर्दान्का म्हणायचे. १८९३ मध्ये वॉशिंग्टनमध्ये त्यांचं निधन झालं.

अडचण मात्र मागे राहिली. जर्मनीतल्या जुन्या तीन नळ्यांच्या ‘ड्रिलिंग’ बंदुकांची काडतुसं आता सहज मिळत नाहीत. जुन्या केस असल्या तरी अनेकदा त्या बर्डनच्या असतात आणि त्या मापाच्या टोप्या शोधाव्या लागतात. बंदूक ठणठणीत, पण कपाटात पडून. आपण कोड लिहितानाही हेच विसरतो: आपलं काम पुढे कुणालातरी उघडून दुरुस्त करायचं असतं.