लोकमान्यांचा मधुमेह आणि मंडालेतील सातूचे पीठ

२२ जुलै १९०८ च्या रात्री मुंबईच्या उच्च न्यायालयात बाळ गंगाधर टिळकांना सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा सुनावण्यात आली. दुसऱ्याच दिवशी त्यांना ५२ वर्षे पूर्ण होत होती. राजद्रोहाचा खटला, त्यांनी स्वतः केलेला बचाव आणि त्यानंतरचा गिरणी कामगारांचा संप हा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. त्या मानाने एका गोष्टीची चर्चा कमी होते. ब्रह्मदेशातील मंडालेच्या तुरुंगात गेलेला हा कैदी मधुमेही होता आणि त्या काळी जगात मधुमेहावर इन्शुलिन नव्हते, गोळीही नव्हती.

टिळकांचे शरीर मुळात दणकट नव्हते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकायला आल्यावर त्यांनी पहिले वर्ष अभ्यास बाजूला ठेवून तालीम, कुस्ती आणि पोहण्यात घालवले. ती कमाई पुढे उपयोगी पडली. १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणात आगरकरांसोबत डोंगरीच्या तुरुंगातले १०१ दिवस आणि १८९७ च्या शिक्षेतील सक्तमजुरी त्यांनी सोसली. दोन्ही वेळा तुरुंगातल्या अन्नाने वजन घटले. मात्र १९०८ मध्ये वय वाढले होते आणि मधुमेहासारखा आजार सोबत होता. मंडालेचा उन्हाळा कडक, राहण्याची जागा लाकडी गजांची. ऊन, धूळ आणि थंडी अडवायला भिंत नव्हती.

सक्तमजुरीची शिक्षा साध्या कैदेत बदलली गेली आणि स्वयंपाकासाठी कुलकर्णी आडनावाचा एक मराठी कैदी त्यांना मिळाला. पथ्य पाळणे शक्य झाले ते यामुळे. टिळकांनी भात आणि गहू सोडला आणि सातूच्या म्हणजे जवाच्या पिठावर भर दिला. सातूच्या पिठाच्या पुऱ्या, जोडीला दूध-दही असा त्यांचा आहार झाला. घरी जाणाऱ्या पत्रांत प्रकृतीचा उल्लेख असे. साखरेचा अंदाज त्या काळी लघवी तपासूनच येई. बोटाला सुई टोचून रक्तातली साखर पाहण्याचे यंत्र यायला अजून अनेक दशके होती.

सातूची निवड आपल्याकडे नवी नव्हती. चरकसंहितेत प्रमेहाच्या रुग्णासाठी जव हे मुख्य अन्न सांगितले आहे. युरोपातही आहार हाच उपाय होता. ब्रिटिश लष्करातील डॉक्टर जॉन रोलो यांनी १७९७ मध्ये एका मधुमेही अधिकाऱ्याला धान्य जवळजवळ बंद करून मांसाहारावर ठेवल्याचे लिहिले. १८७०-७१ मध्ये पॅरिसला वेढा पडला, अन्न तुटपुंजे झाले, तेव्हा रुग्णांच्या लघवीतील साखर कमी झाल्याचे फ्रेंच वैद्य बुशार्दा यांना दिसले. टिळक मंडालेला गेले त्याच्या काही वर्षे आधी जर्मनीत फॉन नूर्डेन हे डॉक्टर मधुमेह्यांना ओटचा आहार देऊ लागले होते.

यामागचे शास्त्र आज स्पष्ट आहे. भात, पोळी, साखर, बटाटा यांतील कर्बोदकांचे पचनानंतर ग्लुकोज होते. ते पेशींत नेण्याचे काम इन्शुलिन करते. टाइप-२ मधुमेहात इन्शुलिन अपुरे पडते किंवा शरीर त्याला नीट दाद देत नाही, म्हणून साखर रक्तात साठते. ताटातली कर्बोदके कमी केली की इन्शुलिनवरचा भार हलका होतो. सातूत बीटा-ग्लुकन नावाचा विरघळणारा तंतू असतो. आतड्यात तो चिकट थर तयार करतो आणि ग्लुकोज रक्तात हळूहळू उतरते.

मात्र लघवीच्या तपासणीला मर्यादा होती. रक्तातली साखर साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेल्यावरच ती लघवीत उतरते. त्यामुळे लघवी स्वच्छ दिसली तरी रक्तातली साखर जास्त असू शकते. त्या काळच्या कोणत्याही मधुमेह्याला आपला आजार किती आटोक्यात आहे हे नेमके कळणे शक्य नव्हते.

तरीही मंडालेत पथ्यावर राहणाऱ्या या माणसाने १९१०-११ च्या हिवाळ्यात काही महिन्यांत पेन्सिलीने गीतारहस्य लिहून काढले. १९१२ मध्ये पत्नी सत्यभामाबाई पुण्यात गेल्या आणि ती बातमी त्यांना कोठडीत सोसावी लागली. जून १९१४ मध्ये ते सुटले. त्यानंतर १९१६ मध्ये होमरूल लीग, लखनौ करार, गावोगावचे दौरे, १९१८-१९ मध्ये चिरोल खटल्यासाठी इंग्लंडचा प्रवास असा त्यांचा कामाचा झपाटा राहिला. १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईच्या सरदारगृहात न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. मधुमेह नियंत्रणात नसेल तर शरीराची जंतुसंसर्गाशी लढण्याची ताकद घटते, हे आता सर्वमान्य आहे. टोरांटोत बॅन्टिंग आणि बेस्ट यांनी इन्शुलिन शोधले ते पुढच्याच वर्षी. जानेवारी १९२२ मध्ये ते प्रथम एका १४ वर्षांच्या मुलाला दिले गेले. टिळकांच्या निधनाला तेव्हा १७ महिने झाले होते.

परभणी जिल्ह्यातील घरांत आजही मधुमेहाचे निदान झाले की पहिला सल्ला मिळतो तो गहू सोडून ज्वारी खाण्याचा. ज्वारी इथले हक्काचे पीक आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठाने रब्बीसाठी परभणी मोती हा वाण दिला आहे. भाकरीतून तंतू आणि खनिजे मिळतात, ती मैद्याच्या पदार्थांपेक्षा कितीतरी चांगली. पण १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे ७० ग्रॅम कर्बोदके असतात, गव्हातही जवळपास तितकीच. ५० ग्रॅम पिठाची एक भाकरी म्हणजे सुमारे ३५ ग्रॅम कर्बोदके. दोन पोळ्यांच्या जागी तीन भाकरी खाल्ल्या तर साखर उतरणार नाही. धान्य बदलण्याइतकेच त्याचे प्रमाण महत्त्वाचे आहे.

एका भाकरीसोबत अंबाडी, मेथी, दोडका, भेंडी यांची भरपूर भाजी, मोड आलेली मटकी किंवा मूग, दही-ताक, मूठभर शेंगदाणे, चालत असल्यास अंडे असे ताट केले तर पोट भरते आणि कर्बोदके आपोआप घटतात. उपवासाच्या दिवशी विशेष सांभाळावे लागते. जनाबाईंच्या गंगाखेडपासून सेलू-जिंतूरपर्यंत एकादशी पाळणारी घरे खूप आहेत. साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ पिष्टमय पदार्थ आहे. खिचडीच्या एका ताटलीने साखर भाकरीपेक्षा वेगाने चढू शकते.

कमी कर्बोदकांच्या आहाराने पहिल्या सहा महिन्यांत साखर आणि वजन चांगले उतरते, असे अभ्यासांत दिसले आहे. वर्षभरानंतर इतर आहारांशी असलेला फरक कमी होत जातो, कारण पथ्य टिकवणे अवघड जाते. म्हणून पाळता येईल इतकीच कपात करावी. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असताना अचानक धान्य सोडले तर साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. घाम, थरथर, गरगरणे ही तिची लक्षणे. मूत्रपिंडाचा आजार असलेले, गर्भवती आणि टाइप-१ चे रुग्ण यांनी स्वतःच्या मनाने असा आहार सुरू करू नये. डॉक्टरांना आधी सांगितले तर औषधाची मात्रा त्याप्रमाणे कमी करता येते.

टिळकांकडे आहाराखेरीज दुसरे साधन नव्हते. आजच्या रुग्णाकडे औषध आहे, साखर मोजण्याचे यंत्र आहे आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी चाचणीही आहे. आहार बदलण्याआधी ही चाचणी करावी आणि तीन महिन्यांनी पुन्हा करावी. पथ्याचा उपयोग किती झाला ते या दोन आकड्यांतून समजते.