पंडिता रमाबाई : निराधार मातांचा आसरा

पंडिता रमाबाईंचे नाव आपण पाठ्यपुस्तकात वाचलेले असेल. संस्कृतच्या विदुषी म्हणून त्यांचा गौरव होतो आणि तो रास्तच आहे. परंतु ज्या बाईने शेकडो निराधार स्त्रियांना आणि त्यांच्या लेकरांना छप्पर दिले, तिचे स्वतःचे बालपण बिऱ्हाड पाठीवर घेऊन गेले, हे फारसे कोणी सांगत नाही.

23 एप्रिल 1858 रोजी पश्चिम घाटातील गंगामूळच्या रानात त्यांचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून पत्नीला संस्कृत शिकविले आणि आईने लेकीला. पुढे घर सुटले. पुराण सांगत हे कुटुंब गावोगाव हिंडू लागले. मद्रास इलाख्यातील दुष्काळात 1874 मध्ये आईवडील गेले, मागोमाग बहीणही गेली. उरलेली दोघे भावंडे पायी चालत 1878 मध्ये कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी रमाबाईंना पदव्या दिल्या. पण 1880 मध्ये भावाचाही आधार तुटला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या परजातीच्या बंगाली वकिलाशी विवाह केला. फेब्रुवारी 1882 मध्ये पटकीने पतीचे निधन झाले, तेव्हा मुलगी मनोरमा अवघ्या दहा महिन्यांची होती. तेविसाव्या वर्षी वैधव्य, पदरी तान्हे मूल आणि माहेर-सासर दोन्ही नाही! आपल्या आजूबाजूलाही अशी एखादी आई आपण पाहिली असेल.

रमाबाई पुण्यास आल्या, स्त्रियांसाठी आर्य महिला समाज काढला आणि 1883 मध्ये मुलीला घेऊन इंग्लंडला गेल्या. तेथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पण मनोरमेला कोणते धर्मशिक्षण द्यावे हे आश्रय देणाऱ्या जोगिणी ठरवू लागल्या, तेव्हा रमाबाईंनी त्यांना ठाम नकार दिला. आसरा घेतला म्हणून आईचा हक्क गहाण पडत नाही, ही त्यांची भूमिका होती.

अमेरिकेत व्याख्याने देऊन व पुस्तक लिहून त्यांनी पैसा उभा केला आणि 11 मार्च 1889 रोजी मुंबईत चौपाटीवर विधवांसाठी शारदा सदन उघडले. तेथे पहिली विधवा विद्यार्थिनी आली ती गोदूबाई; याच पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या. पुढच्याच वर्षी सदन पुण्यास गेले. 1893 मध्ये काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात अशी ओरड झाली. रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार बाजूला झाले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. येथे थोडे थांबून विचार करा. जो हक्क रमाबाईंनी स्वतःच्या मुलीसाठी मागितला, तोच हे पालक मागत होते. त्यांची भीती पोकळ नव्हती. तरीपण परत नेलेल्या त्या बालविधवांच्या शिक्षणाची दुसरी सोय किती जणांनी केली असेल?

त्यांच्या कार्याची खरी कसोटी लागली ती दुष्काळात. 1896-97 मध्ये मध्य प्रांतात लोक अन्नान्न झाले. पोटासाठी वाटेल तिकडे निघालेल्या बायका-मुलींना पळविणारे दलाल टपलेलेच होते. भूक काय असते हे रमाबाईंना कोणी शिकवावे लागत नव्हते. त्या स्वतः तेथे गेल्या आणि सुमारे 300 स्त्रिया व मुलींना त्यांनी आणले. पुण्याच्या पूर्वेस केडगाव येथे घेतलेल्या जमिनीवर मुक्ती सदन उभे राहिले. 1900 च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तेथील वस्ती दीड हजारांवर गेली. समाजाने पतित ठरविलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन हा वेगळा विभाग होता.

नुसते जेवू घालणे त्यांना पुरेसे वाटत नव्हते. शेती, दूधदुभते, विणकाम, शिवण, तेलाचा घाणा, छापखाना, सारे बायकाच चालवीत. अक्षरओळखही नसलेल्या कित्येक जणी तेथे छापखान्यात खिळे जुळवू लागल्या. मनोरमाबाई ब्रेल लिपी शिकून आल्या आणि अंध मुलींना वाचावयास शिकवू लागल्या.

पुढे संस्थेचा भार मनोरमाबाईंवर यायचा होता. पण जुलै 1921 मध्ये त्याच आईच्या आधी गेल्या. रमाबाईंनी 5 एप्रिल 1922 रोजी केडगावातच देह ठेवला. तेथे आजही निराधार स्त्रिया आणि मुले राहतात.