तीन मिनिटांच्या तबकडीतील राग : पं. द. वि. पलुस्कर

नाशिक रोड, प्रतिनिधी - वर्षभरात सर्वाधिक खपलेल्या अल्बमच्या याद्या प्रसिद्ध होण्याच्या कितीतरी आधी नाशिकमध्ये जन्मलेल्या एका गायकाचा आवाज ध्वनिमुद्रिकांद्वारे देशभर पोहोचला होता. पं. दत्तात्रेय विष्णु पलुस्कर यांना अवघे ३४ वर्षांचे आयुष्य लाभले. पुढील पिढ्यांना त्यांचे गाणे कळले ते प्रामुख्याने ध्वनिमुद्रणांमुळेच.

२८ मे १९२१ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील पं. विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१मध्ये लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन करून संगीताला समाजात प्रतिष्ठा मिळवून दिली. मुंबईतील विद्यालयाची वास्तू मात्र कर्जापायी गेली. उत्तरायुष्यात ते नाशिकच्या रामनाम आधार आश्रमात रामभक्तीत रमले. अनेक अपत्ये अकाली गेल्यानंतर वाचलेला हा मुलगा त्याच वातावरणात वाढला. १९३१मध्ये पितृछत्र हरपले, तेव्हा तो जेमतेम दहा वर्षांचा होता.

वडिलांचे शिष्य पं. विनायकराव पटवर्धन आणि पं. नारायणराव व्यास यांनी त्यांना घडविले. वयाच्या चौदाव्या वर्षी, १९३५मध्ये, जालंधरच्या हरिवल्लभ संगीत संमेलनात ते गायले आणि पलुस्करांचा वारस रसिकांसमोर आला.

१९४४मध्ये त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. त्या काळी ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटांचेच गाणे मावत असे. मैफलीत अर्धा-पाऊण तास रंगणारा ख्याल एवढ्या अवधीत बसवणे कठीण होते. नारायणराव व्यासांच्या लोकप्रिय ध्वनिमुद्रिकांनी ही वाट दाखवून दिली होती. बापूरावांनी राग श्री, गौडसारंग यांसारखे राग मोजक्या आलाप-तानांत, कोठेही घाई न जाणवता उभे केले. तुलसीदास आणि मीराबाई यांच्या पदांनी तर त्यांना घरोघरी नेले. मैफलीची पायरी कधी न चढलेल्या कुटुंबांतही त्यांचे सूर ऐकू येऊ लागले. संगीत सर्वसामान्यांपर्यंत नेण्याचे वडिलांचे व्रत मुलाच्या तबकड्यांनी असे पुढे नेले.

१९५२च्या 'बैजू बावरा' या चित्रपटात नौशाद यांनी बैजूसाठी त्यांचा, तर तानसेनासाठी उस्ताद अमीर खाँ यांचा आवाज घेतला. देसी रागातील ती जुगलबंदी शास्त्रीय संगीतापासून दूर असलेल्या प्रेक्षकांपर्यंतही पोहोचली.

१९५५मध्ये भारतीय सांस्कृतिक शिष्टमंडळाबरोबर त्यांनी चीनचा दौरा केला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मेंदूज्वराने त्यांचे निधन झाले. त्यांची ध्वनिमुद्रणाची कारकीर्द जेमतेम अकरा वर्षांची ठरली. प्रदीर्घ गायन सामावून घेणाऱ्या तबकड्या भारतात रुजल्या, त्या त्यांच्या पश्चात. मात्र जुन्या मुद्रणांचे आणि आकाशवाणीने जपलेल्या गायनाचे संच पुढे एलपी, कॅसेट आणि सीडीच्या रूपाने निघत राहिले. त्यांची मैफल प्रत्यक्ष न ऐकलेले विद्यार्थीही गायनातील नेमकेपणा शिकण्यासाठी या ध्वनिमुद्रणांकडे वळतात.