दोन वेळा विद्यार्थी

जुलै १९१३ च्या तिसऱ्या आठवड्यात न्यूयॉर्कच्या बंदरात उतरलेल्या प्रवाशांमध्ये २२ वर्षांचा एक मराठी तरुण होता. वडिलांच्या निधनाला जेमतेम सहा महिने झाले होते. घरी पत्नी रमाबाई होत्या आणि वर्षही पुरे न झालेला मुलगा यशवंत होता. बडोदे संस्थानाशी ४ जून रोजी केलेला करार त्याच्या नावावर होता. महाराज सयाजीराव गायकवाडांनी तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती मंजूर केली होती आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करण्याचे बंधन त्याने पत्करले होते. भीमराव रामजी आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले ते असे.

महाविद्यालय त्यांना नवे नव्हते. १९०८ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात त्यांनी पहिले पाऊल टाकले होते. एका महार सुभेदाराच्या मुलाने मॅट्रिक होणे हीच तेव्हा सत्कार-सभेची बाब होती. त्या सभेत केळुस्कर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले आणि पुढे महाराजांकडे नेऊन दरमहा २५ रुपयांची मदतही मिळवून दिली. प्रा. म्युलर यांनी या विद्यार्थ्याला पुस्तके आणि कपडे पुरवले. मात्र महाविद्यालयाच्या आवारातील हॉटेलवाला त्यांना चहा सोडाच, पाणीदेखील देत नसे. शाळेत संस्कृतचे दार बंद झाले म्हणून फारशी घ्यावी लागली होती, तीच पुढे पदवीपर्यंत सोबत राहिली. विद्येच्या मंदिरात प्रवेश मिळाला तरी पाण्याच्या पेल्यापर्यंत हात पोहोचत नाही, हा अनुभव घेऊनच हा तरुण अमेरिकेला निघाला होता.

मॉर्निंगसाइड हाइट्सवरचा कोलंबियाचा परिसर त्या वेळी नवाच होता. विद्यापीठ तेथे आल्याला पुरती दोन दशकेही झाली नव्हती. मधोमध लो ग्रंथालयाचा भव्य घुमट आणि भोवती विटांच्या उंच इमारती. भीमरावांना राहायला मिळाले ते हार्टली हॉल हे वसतिगृह. तेथील जेवण त्यांना मुळीच मानवले नाही. अर्धेकच्चे शिजवलेले अन्न आणि त्यात गोमांस. आठवडाभरातच त्यांनी मुक्काम हलवला आणि जेथे हिंदी विद्यार्थी राहत त्या कॉस्मॉपॉलिटन क्लबात ते गेले. पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये ते स्थिरावले. तेथे नवल भथेना हा पारशी तरुण त्यांच्यासोबत राहत होता. ही मैत्री आयुष्यभर टिकली आणि सात वर्षांनी तिनेच त्यांना पुन्हा विद्यार्थी होण्याची वाट मोकळी करून दिली.

चरित्रकार ज्यावर फार रेंगाळत नाहीत असा एक काळ येथे आहे. पहिले काही महिने भीमरावांचे अभ्यासात लक्ष नव्हते. मित्रमंडळी, गप्पा, नाटके, खेळ, शहरातील भटकंती यांत दिवस जात होते. अठरा-अठरा तास वाचन करणाऱ्या महामानवाच्या प्रतिमेत हे महिने बसत नाहीत म्हणून ते एखाद्या वाक्यात उरकले जातात. पण त्या मोहाकडे सहानुभूतीने पाहायला हवे. आयुष्यात प्रथमच कोणीही त्यांना दूर बसा म्हणत नव्हते. कोणाच्याही पंक्तीला बसता येत होते, कोणाच्याही हातून पाणी घेता येत होते, दुकानात शिरताना कोणाचा चेहरा न्याहाळावा लागत नव्हता. २२ वर्षांच्या तरुणाला या मोकळेपणाची धुंदी चढली नसती तरच नवल. अर्थात ज्या न्यूयॉर्कमध्ये त्यांना ही मोकळीक मिळाली, त्याच शहराच्या हार्लेम भागात कृष्णवर्णीयांची वस्ती वाढत होती आणि त्यांच्या वाट्याला ती मोकळीक येत नव्हती, हेही त्या काळाचे वास्तव होते.

याच दिवसांत, पोहोचून महिनाही झाला नसताना, त्यांनी वडिलांच्या एका स्नेह्याला पत्र लिहिले. मुलांचे भवितव्य आईबापांना घडवता येते आणि मुलांबरोबर मुलींनाही शिकवले तर समाजाची प्रगती झपाट्याने होईल, असा त्याचा आशय होता. आजूबाजूला वावरणाऱ्या शिकलेल्या स्त्रिया पाहून मनात उमटलेली ही पहिली नोंद म्हणता येईल. गंमत करणाऱ्या त्या विद्यार्थ्याचे डोळे मिटलेले नव्हते.

मग मोहाचे दिवस सरले. महिन्याच्या साडेअकरा पौंडांतून काही भाग घरी पाठवायचा होता, आणि हाती असलेली तीन वर्षे पुन्हा मिळणार नव्हती. सकाळी ग्रंथालयाचे दार उघडण्यापूर्वीच ते तेथे हजर राहू लागले. एक कप कॉफी, दोन मफिन आणि मांसाचा किंवा माशाचा एखादा पदार्थ एवढ्यावर जेवण भागू लागले. त्यांनी कोलंबियात घेतलेल्या विषयांची नोंद विद्यापीठाच्या दप्तरात आहे आणि ती वाचताना थक्क व्हायला होते. अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३ आणि प्राथमिक फ्रेंच व जर्मनचा प्रत्येकी एक. पदवीला एवढ्याची गरज नव्हती. ज्याला एक भाषा शिकायची मनाई झाली होती, तो आता जे जे वर्ग उघडे होते त्या सर्वांत जाऊन बसत होता.

शिकवणारेही तसेच मिळाले. अर्थशास्त्राला एडविन सेलिग्मन, तत्त्वज्ञानाला जॉन ड्यूई, इतिहासाला जेम्स शॉटवेल आणि जेम्स हार्वे रॉबिन्सन. पुढे आंबेडकरांनी आपल्या आयुष्यातील उत्तम मित्रांत या गुरूंची गणना केली, यावरून त्या वर्गांतले वातावरण कळते. लाला लजपतराय तेव्हा न्यूयॉर्कमध्ये होते. त्यांनी या तरुणाला राजकीय कार्यात ओढण्याचा प्रयत्न केला. भीमरावांनी नकार दिला. ज्या महाराजांनी शिकायला पाठवले त्यांना दिलेला शब्द आधी पाळायचा होता.

१९१५ मध्ये प्राचीन भारतातील व्यापारावरील प्रबंधाला एम. ए. मिळाली. ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींच्या उत्पत्तीवर निबंध वाचला. तीन वर्षांपूर्वी हार्टली हॉलच्या जेवणाला कंटाळलेला नवखा विद्यार्थी आता त्या विषयातील युरोपीय पंडितांचे सिद्धान्त खोडून काढत होता.

तेथून लंडन. ऑक्टोबर १९१६ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये प्रवेश झाला. शुल्क होते १० पौंड १० शिलिंग. मॅकिंडर यांच्याकडे भूगोल, लोज डिकिन्सन यांच्याकडे राजकीय विचार, हॉबहाउस यांच्याकडे समाजशास्त्र. त्याच सुमारास बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्येही नाव घातले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि बडोद्याहून परत येण्याचा आदेश आला. अभ्यास अर्ध्यावर टाकून निघताना त्यांनी विद्यापीठाकडून एक परवानगी मात्र मिळवून ठेवली. ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत आल्यास अपुरा अभ्यास पुढे चालू करता येणार होता. त्यांचे सामान दुसऱ्या जहाजाने पाठवले होते. महायुद्ध चालू होते, ते जहाज बुडाले आणि त्यात त्यांची पुस्तके गेली. बडोद्याला जाण्याचा खर्चही या सामानाची जी भरपाई मिळाली तिच्यातून करावा लागला.

बडोद्यात काय घडले ते महाराष्ट्र जाणतो. परदेशातील वास्तव्याने आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच त्यांच्या मनातून पुसली गेली होती. बडोद्याच्या स्थानकावर उतरल्यावर, राहायचे कोठे, या साध्या प्रश्नाने ती परत आली. पारशी नाव सांगून ते एका पारशी वसतिगृहात राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला. मुंबईची गाडी रात्री होती. कोलंबिया विद्यापीठाचा एम. ए., डॉक्टरेटचा प्रबंध लिहून झालेला हा विद्वान तोपर्यंत कमाटी बागेत एका झाडाखाली बसून राहिला. पारशी मित्र जिवाभावाचा आणि पारशी वसतिगृहातून हकालपट्टी, हा विरोधाभास त्यांच्या नजरेतून सुटला नसणार.

खरी कसोटी यानंतरची आहे. १९१३ साली सयाजीराव पाठीशी होते. आता कोणी नव्हते. परळच्या चाळीतील दोन खोल्या, मोठे कुटुंब आणि परत जाण्याची मुदत दर महिन्याला कमी होत चाललेली. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकाची जागा मिळाली, पगार ४५० रुपये. विद्यार्थी आरंभी उदासीन होते, पुढे इतर महाविद्यालयांतले विद्यार्थीही त्यांची व्याख्याने ऐकायला येऊ लागले. सहकाऱ्यांपैकी काहींनी प्राध्यापकांसाठीच्या माठातून त्यांनी पाणी पिण्यास हरकत घेतली. एल्फिन्स्टनचा हॉटेलवाला निदान अशिक्षित तरी असावा. हे तर प्राध्यापक होते.

त्या पगारातून रमाबाईंच्या हाती घरखर्चापुरते पैसे देऊन उरलेले बाजूला टाकले जात होते. एखाद्या कुटुंबवत्सल माणसाने या पगारावर आयुष्य सुखाने काढले असते. आंबेडकरांनी मार्च १९२० मध्ये ती नोकरी सोडली. ‘मूकनायक’ नुकताच सुरू झाला होता. माणगावच्या परिषदेत राजर्षी शाहू महाराजांनी त्यांच्या रूपाने अस्पृश्यांना पुढारी मिळाल्याचे जाहीर केले होते. चळवळ हाका मारत असताना वर्गात जाऊन बसण्याचा निर्णय अनेकांना कळला नसेल. साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना यांनी दिलेले ५ हजार रुपयांचे कर्ज एवढ्या बळावर जुलै १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला निघाले. वय होते २९.

विद्यापीठाला हा विद्यार्थी कोणत्या चौकटीत बसवावा हे कळेना. सेलिग्मन यांनी आपले जुने सहकारी फॉक्सवेल यांना पत्र लिहून त्यांची शिफारस केली होती. फॉक्सवेल यांनी माहिती घेतली आणि संस्थेच्या सचिव मिसेस मेअर यांना कळवले, की या गृहस्थांनी डॉक्टरेट आधीच मिळवलेली आहे, येथे जिंकण्यासारखे त्यांना आता काही उरलेले नाही. आंबेडकरांना मात्र ते अजून जिंकायचे होते. विद्यापीठ तेच होते, पण विद्यार्थी पालटला होता. आता कॉस्मॉपॉलिटन क्लब नव्हता, नाटके नव्हती. वर्गातील बहुतेक सोबती वयाने लहान होते आणि त्यांच्यापैकी कोणाच्या डोक्यावर घर चालवण्याचा भार नव्हता.

राहण्याची खोली एका कडक आणि चिक्कू घरमालकिणीकडे होती. सकाळी पावाचा तुकडा, थोडा मुरंबा किंवा मासा आणि बोव्हरिलचा कप. दुपारचे जेवण नाही. ब्रिटिश म्युझियमचे वाचनालय उघडल्यापासून बंद होईपर्यंत तेथेच ठाण. बसचे पैसे वाचवण्यासाठी अंतर पायी तुडवायचे. रात्री भुकेने पोटात आग पडे, तेव्हा कोणी ओळखीच्या माणसाने दिलेले पापड भाजून त्यावर वेळ निभावत असे. खोलीतील सोबती मध्यरात्री जागा होऊन झोपण्याचा आग्रह करी, तर जेवायला पैसे आणि झोपायला वेळ आपल्याकडे नाही अशा अर्थाचे उत्तर त्याला मिळे. घरून येणाऱ्या पत्रांत अडचणीच असत. रमाबाईंनी त्या तीन वर्षांत मुंबईत काय सोसले याचा हिशेब कोठल्याही विद्यापीठाच्या दप्तरात नाही, आणि तो मांडल्याशिवाय या शिक्षणाची किंमत पुरी कळत नाही.

१९२१ मध्ये एम. एस्सी. झाली, १९२२ मध्ये बॅरिस्टरी. रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध त्याच वर्षी सादर झाला तेव्हा परीक्षकांनी तो बदलून लिहिण्यास सांगितले. ब्रिटिश राज्यकर्त्यांच्या चलनधोरणावरची त्यातील टीका बोचल्याची चर्चा त्या वेळी झाली. पैसे संपले होते. एप्रिल १९२३ मध्ये मुंबईला परतून त्यांनी प्रबंधाची मांडणी थोडी बदलली, निष्कर्ष तसेच ठेवले आणि तो लंडनला पाठवला. त्या वर्षाच्या अखेरीस डी. एस्सी. मिळाली.

कोलंबियाने १९५२ च्या जूनमध्ये त्यांना सन्माननीय पदवी दिली, तेव्हा त्यासाठी ते न्यूयॉर्कला गेले होते. त्याआधी सहा वर्षे, २० जून १९४६ रोजी, त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे सिद्धार्थ महाविद्यालय मुंबईत सुरू झाले. त्याच्या वेळापत्रकात एक गोष्ट नव्याने आलेल्यांच्या चटकन लक्षात येई. वर्ग भल्या सकाळी भरत, म्हणजे दिवसभर नोकरी करणाऱ्याला, घरसंसार असलेल्याला, शिक्षण अर्धवट सुटलेल्याला आधी तास करून मग कामावर जाता यावे.